निकाल पुन्हा लिहिताना : कायद्याच्या वर्गातलं स्त्रीवादी सहलेखन

निळी शाई

कायदा शिकवणारे, शिकणारे आणि रोज कोर्टात उभे राहणारे असे सगळेच इथे आहेत, म्हणून हा धागा काढतेय. वर्गात चार-पाच जणांनी एकत्र बसून एखादं जुनं निकालपत्र पुन्हा लिहायचं, हा विषय. मी फौजदारी आणि कौटुंबिक कायदा शिकवते. बलात्काराचा किंवा विवाहाचा कायदा व्याख्यानाने पोचतो त्याहून कितीतरी खोल तो एक परिच्छेद मिळून लिहिताना होणाऱ्या भांडणातून पोचतो, असं माझं आता ठाम मत आहे.

आपल्याकडे याचं मूळ शोधायचं तर मी १६ सप्टेंबर १९७९ या तारखेपाशी जाते. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी त्या दिवशी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. विषय होता तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, म्हणजे आपण ज्याला मथुरा प्रकरण म्हणतो तो सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर १९७८ चा निकाल. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका अनाथ आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडलं, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी धरलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून संमती होती असा तर्क.

हे पत्र चळवळीचा दस्तऐवज म्हणून सगळ्यांना माहीत असतं. मी ते वर्गात लेखनाचा नमुना म्हणून ठेवते. चौघांनी मिळून एक मजकूर लिहिलाय, आणि त्यांनी घोषणा देण्याऐवजी निकालपत्रातलीच हकीकत उचलून वेगळ्या क्रमाने मांडली. मुलगी १४ ते १६ वर्षांची. रात्रीची वेळ. चौकी पोलिसांची. गुंगारा द्यायला जागा नाही आणि ओरडून बोलवायचं ते पोलिसांनाच. निकालाच्याच वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, नंदिनी सत्पथी प्रकरणात याच न्यायालयाने स्त्रियांना चौकशीसाठी चौकीत बोलावण्यावर ताशेरे मारले होते, तेही या निकालात कुठे आलं नाही, हे पत्रात दाखवून दिलंय. शरण जाणं आणि संमती देणं यात फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा. पुढे १९८३ ची दुरुस्ती झाली आणि पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं : कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं.

मी करून घेते ते असं. पाच जणांचा गट. नागपूर खंडपीठाचा आणि सर्वोच्च न्यायालयाचा, दोन्ही निकालांतल्या हकीकतीचे परिच्छेद शेजारी शेजारी. पहिल्या बैठकीत फक्त हकीकत लिहायची. कायद्याचे मुद्दे, निष्कर्ष, शिक्षा यांना हातही लावायचा नाही. आणि एक नियम अजिबात मोडायचा नाही : निकालाच्या तारखेला जो कायदा होता आणि रेकॉर्डवर जो पुरावा होता, तेवढ्यावरच लिहायचं. १९८३ ची दुरुस्ती वापरायची नाही, २०१३ ची तर नाहीच.

हा नियम मी शोधलेला नाही. कॅनडात स्त्रीवादी वकील-अध्यापकांच्या एका गटाने स्वतःला 'कॅनडाचं महिला न्यायालय' म्हणवून समतेच्या हक्कावरचे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पुन्हा लिहिले, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये २३ निकालांचा असाच संग्रह निघाला. पुढे ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि भारतातही हे काम झालं. पुनर्लेखन करणाऱ्याने न्यायाधीशाचीच बंधनं पाळायची, ही इंग्लंडमधल्या प्रकल्पाची अट होती. मला ती फार मोलाची वाटते. ती पाळली की मुलांच्या लक्षात येतं की १९७८ मध्येही वेगळा निकाल देता आला असता. भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे असं सांगणारं दंडसंहितेचं कलम ९० तेव्हा होतंच. नागपूर खंडपीठासमोर हाच पुरावा होता. 'तेव्हाचा काळच तसा होता' ही पळवाट मग बंद होते.

एका गटाचं उदाहरण देते. पहिल्या वाक्यावरच त्यांचा तास संपला. एकाने लिहिलं की मथुरा ही अशोक नावाच्या तरुणाबरोबर राहत असे. गटातल्या मुलीने ते खोडलं. गुन्हा चौकीतला आहे, अशोक पहिल्या वाक्यात कशाला, असं तिचं म्हणणं. तो म्हणाला, तक्रारच अशोकने पळवून नेल्याची होती, भावाने ती दिली म्हणून ती चौकीत आली. अशोक काढला तर ती तिथे कशी पोचली हेच कळणार नाही. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी त्यांनी चौकीपासून सुरुवात केली : किती वाजले होते, ड्यूटीवर कोण होतं, बाकीचे बाहेर पडल्यावर तिला कोणी थांबवून घेतलं. भावाची तक्रार दुसऱ्या परिच्छेदात, आणि अशोकचा उल्लेख त्या तक्रारीपुरता. प्रस्तुत (खटल्याच्या मुद्द्याशी संबंध असलेला) पुरावा म्हणजे काय हे मी त्याआधी व्याख्यानात सांगितलं होतं. त्या मुलांना ते कळलं त्या दिवशी.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतंही हवीत.

फौजदारी_बाजू

मॅडम, मनापासून लिहिलंय, पण एक वकील म्हणून बोलतो. माझ्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांना साधा जामीन अर्ज धड लिहिता येत नाही. आरोपपत्रातून मुद्दे काढता येत नाहीत. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पुन्हा लिहायचे म्हणजे पाया नसताना कळस चढवणं. आणि निकाल लिहिणं हे न्यायाधीशाचं काम. वकिलाला त्याचा उपयोग काय?

दुसरं. सत्र न्यायालयात जे घडतं ते निकालपत्रात येतच नाही. साक्षीदार फितूर होतो, वैद्यकीय दाखला अर्धवट असतो, जबाब पोलिसांच्या भाषेत उतरलेला असतो. तुमची मुलं स्वच्छ टाइप केलेल्या हकीकतीवर काम करतायत. ती हकीकत तयार होते कशी, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

निळी शाई

फौजदारी_बाजू, पहिल्या मुद्द्यावर असहमत, दुसऱ्यावर पूर्ण सहमत.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी मसुदालेखनाचा पेपर सक्तीचा केलाय. प्लीडिंगचे (कोर्टात दाखल करायच्या दावे-अर्जांचे) १५ मसुदे ४५ गुणांचे, दस्तऐवजांचे १५ मसुदे ४५ गुणांचे, १० गुण तोंडी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी जर्नल आधीच्या बॅचकडून उतरवून घेतलं जातं. जामीन अर्ज लिहिता न येण्याचं कारण तिथे आहे. एकट्याने उतरवून काढलेल्या १५ अर्जांपेक्षा चौघांनी भांडून लिहिलेला एक अर्ज मुलांच्या जास्त लक्षात राहतो. शिवाय न्यायाधीश हकीकत कुठून सुरू करतो हे ज्याला कळलं, तो आपल्या अर्जातली हकीकतही विचार करून लिहितो.

दुसऱ्यासाठी तुमच्यासारख्यांची मदत लागेल. जबाब, वैद्यकीय दाखला, उलटतपासणी हे कागद वर्गात कसे आणायचे?

तळटीप

वाचतेय. फार आवश्यक धागा. एक माहिती जोडते.

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली होती की त्याने फिर्यादी महिलेच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घ्यावी. अपर्णा भट विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी ती अट रद्द केली. बातम्या इथेच थांबल्या. पण त्याच निकालात न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाबद्दल सूचना आहेत, आणि बार कौन्सिलला एलएलबीच्या अभ्यासक्रमात लैंगिक गुन्हे आणि लिंगभाव-संवेदनशीलता कशी शिकवावी यावर तज्ज्ञांशी बोलून मसुदा फिरवायला सांगितलंय. म्हणजे निळी शाई करतायत ती हौस नाही, न्यायालयानेच अपेक्षिलेली गोष्ट आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगभावाच्या साचेबद्ध कल्पनांवर न्यायाधीशांसाठी पुस्तिकाही काढली. निकालात कोणते शब्द टाळावेत, त्याऐवजी काय लिहावं, याची यादी तिच्यात आहे.

मला मात्र नुसती यादी पुरेशी वाटत नाही. शब्द बदलून जुनाच तर्क लिहिता येतो.

चौथं_सेमिस्टर

मी विद्यार्थिनी आहे. मॅडम, तुमच्या पद्धतीबद्दल आदर ठेवून जे आमच्याकडे घडतं ते लिहिते.

गटात लिहायचं म्हटलं की लिहायचं मुलींनी. टिपणं आम्ही काढायची, टाइप आम्ही करायचं, तळटिपा आम्ही तपासायच्या, रात्री बारा वाजता फाइल एकत्र करायची. सादरीकरणाला मुलगा उभा राहतो, कारण 'तो चांगला बोलतो'. मूट कोर्टातही, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यातही, तेच. संशोधन मुलीचं, युक्तिवाद मुलाचा. गुण सगळ्यांना सारखे. मग विषय स्त्रीवादी असला काय किंवा करार कायदा असला काय, गटाच्या आत घरचंच चित्र दिसतं. सहलेखन म्हटलं की मला आधी याचीच भीती वाटते.

निळी शाई

चौथं_सेमिस्टर, या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुझा आहे. याचं उत्तर नसेल तर पद्धत स्त्रीवादी म्हणवून घेण्यात काही अर्थ नाही.

मी कामं फिरती ठेवते. लिहिणारा, कायदा शोधणारा, पुरावा तपासणारा, आक्षेप घेणारा, बोलणारा. प्रत्येक बैठकीला अदलाबदल, आणि कोणी काय करायचं हे मी ठरवते. 'तुम्ही आपसांत ठरवा' म्हटलं की तू लिहिलंस तेच होतं. मसुदा सामायिक गुगल डॉकमध्ये असतो, त्यात कोणी कधी काय बदललं याचा इतिहास राहतो, आणि मी तो बघते हे सगळ्यांना माहीत असतं. निम्मे गुण गटाच्या मसुद्याला. उरलेले निम्मे एका वैयक्तिक टिपणाला : मसुद्यातलं कोणतं वाक्य तुझ्यामुळे बदललं, कोणतं बदलायचं होतं पण गटाने ऐकलं नाही, आणि का. हे टिपण फक्त मी वाचते.

त्या टिपणांतून मला मसुद्यापेक्षा जास्त कळतं. 'माझा मुद्दा कोणी ऐकला नाही, दहा मिनिटांनी तोच दुसऱ्याने मांडला तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली' हे वाक्य वेगवेगळ्या मुलींच्या हातून पुन्हा पुन्हा येतं. त्यावर पुढच्या बैठकीत नाव न घेता बोलता येतं. पीडितेचा जबाब न्यायालयाने ऐकून न ऐकल्यासारखा केला हे शिकवत असताना, त्याच खोलीत तसं घडत असेल तर तेही शिकवण्याचा भाग झालं पाहिजे.

सराव_तास

मीही शिकवतो. बोलणाऱ्याचं काम फिरतं ठेवण्याबद्दल +१. आमच्याकडे आणखी एक करतो : गट सादरीकरण करतो तेव्हा कुठल्याही परिच्छेदावर कोणालाही प्रश्न येतो. 'तो भाग हिने लिहिलाय' हे उत्तर चालत नाही. मग मुलं आपोआप एकमेकांचं वाचायला लागतात.

विरुद्ध_मत

एक मूलभूत शंका. न्यायाधीशाने तटस्थ असावं. पूर्वग्रह असेल तर तो काढला पाहिजे, मान्य. पण एका बाजूचा पूर्वग्रह काढून दुसऱ्या बाजूचा बसवणं हा उपाय कसा? 'स्त्रीवादी निकाल' म्हणताना निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. मुलांना गुण हवेत, ती मॅडमना हवं तेच लिहिणार. आरोपीची बाजू कोण लिहिणार? निर्दोषत्वाचं गृहीतक कुठे गेलं?

निळी शाई

विरुद्ध_मत, प्रश्न रास्त आहे, जरा सविस्तर लिहिते.

मथुरा प्रकरणातल्या दोन आरोपी पोलिसांपैकी गणपतला एका गटाने दोषी धरलं, पण तुकारामबद्दल त्यांचं एकमत झालं नाही. कारण रेकॉर्डवरच आहे. फिर्यादीत मथुराने जी कृत्यं गणपतची म्हणून सांगितली होती, त्यातली काही तिने साक्षीत तुकारामच्या नावावर घातली. उच्च न्यायालयाने तुकारामला विनयभंगाबद्दल एक वर्ष दिलं होतं, गणपतला बलात्काराबद्दल पाच वर्षं. गटातल्या दोघांनी म्हटलं, या विसंगतीचा फायदा तुकारामला मिळालाच पाहिजे, संशयाचा फायदा हा नियम सोयीप्रमाणे पाळायचा नसतो. दोघींनी म्हटलं, अशा रात्रीनंतर कोणाचं काय हे सांगताना घोटाळा होणं नैसर्गिक आहे, आणि तुकाराम त्या चौकीत हजर होता हे तर वादातीत आहे. पाचव्याचं मत शेवटपर्यंत ठरेना. त्यांना मी भिन्नमताचा निकाल लिहायला सांगितलं. एकमत व्हायलाच हवं अशी अट मी घालत नाही, आणि सर्वाधिक गुण त्याच गटाला दिले.

स्त्रीवादी निकाल म्हणजे स्त्रीच्या बाजूचा निकाल असा अर्थ मी घेत नाही. स्त्री न्यायाधीशाने दिलेला निकाल असाही नाही. शबरीमलाच्या २०१८ च्या निकालात पाच जणांच्या पीठात एकच स्त्री होती, न्या. इंदू मल्होत्रा, आणि प्रवेशाला नकार देणारं एकमेव मत त्यांचंच. ते भिन्नमत मी वर्गात आदराने वाचून घेते. मला हवं असतं ते एवढंच की सामान्य व्यवहारज्ञान म्हणून जे निकालपत्रात शिरतं त्याला पुरावा मागायचा. 'खरोखर नको असतं तर ती ओरडली असती' या वाक्याला रेकॉर्डवर आधार काय? साक्ष कोणाची? एवढं विचारलं तर निर्दोषत्वाच्या गृहीतकाला कुठेच धक्का लागत नाही.

तटस्थतेबद्दल म्हणाल, तर सत्र न्यायालयाने त्या मुलीला खोटारडी ठरवताना तिच्या आधीच्या संबंधांचा आधार घेतला होता. ते न्यायालयही स्वतःला तटस्थच समजत होतं.

पायवाट

मी आदिवासी समाजातून आलेली, वकिली करते. लिहू की नको असा विचार करत होते.

मथुरा प्रकरण शिकवताना आमच्या वर्गात सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. 'तू सांग, तुमच्याकडे कसं असतं?' मी काय सांगणार होते? ती १९७२ सालातली, मी वेगळ्या जिल्ह्यातली. सहलेखनात हे जास्त होऊ शकतं, कारण गट छोटा असतो आणि गप्प राहायची सोय नसते. अनुभवाला महत्त्व द्यायचं म्हणता म्हणता ज्याच्या वाट्याला ते भोग आले त्यालाच पुन्हा साक्षीला उभं केलं जातं.

दुसरं. या प्रकरणात सगळे 'स्त्री' म्हणून बोलतात. पण ती पोलिसांना का घाबरली असेल याचं उत्तर फक्त ती स्त्री होती यात नाही. अनाथ, दुसऱ्याच्या घरी काम करणारी, आदिवासी, आणि समोर वर्दी. यातलं एक काढलं तरी हकीकत खोटी होते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा विशाखा निकालही घ्या. तो सगळ्यांचा लाडका निकाल आहे, माझाही. १९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह रोखायचं सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला, त्यातून ही याचिका आली. १९९७ च्या निकालात त्यांचं नाव नाही. राजस्थानातल्या एका गावातली एक सामाजिक कार्यकर्ती, घटनेचा फौजदारी खटला वेगळा चालू आहे, त्यामुळे इथे आणखी उल्लेखाची गरज नाही, एवढ्यात विषय संपतो. जात नाही, त्या काय काम करत होत्या म्हणून हे घडलं तेही नाही. पुढे सगळं कामाच्या ठिकाणाबद्दल आणि आंतरराष्ट्रीय करारांबद्दल. मार्गदर्शक तत्त्वं उत्तम आहेत, त्यांच्यातूनच २०१३ चा कायदा आला. पण जिच्यामुळे आली तिची हकीकत चार ओळींची. सत्र न्यायालयाने १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडताना जातीवरून केलेला तर्क मग कोणी वाचायलाच जात नाही. पुन्हा लिहायचाच तर हाही निकाल लिहा. निष्कर्ष तोच ठेवा, फक्त हकीकत लिहा.

निळी शाई

पायवाटताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. नुसत्या हकीकतीचं पुनर्लेखन करण्याची ही कल्पना मी पुढच्या सत्रात नक्की घेणार. निष्कर्ष पटलेला असूनही निकाल पुन्हा लिहावासा वाटणं, ही मुलांसाठी नवी गोष्ट असेल.

साक्षीला उभं करण्याबद्दल : वर्गात कोणालाही 'तुझ्या समाजात' या शब्दांनी प्रश्न विचारायचा नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगते. गटाने फक्त रेकॉर्डवरच्या पुराव्यावरून लिहायचं, या नियमाचा इथे दुहेरी उपयोग होतो. स्वतःचं आयुष्य कोणालाही मांडावं लागत नाही. आणि ज्यांना हा खटला वाचणंच जड जातं, त्यांना कारण न विचारता दुसरं प्रकरण देते.

पायवाट

कारण न विचारता, हे महत्त्वाचं.

जुनी_दप्तरं

कौटुंबिक कायद्यावर फारसं आलं नाही, म्हणून लिहितो. माझा विषय कायद्याचा इतिहास.

वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना, म्हणजे 'नांदायला ये' असा हुकूम मागण्याचा दावा, यासाठी रखमाबाईंच्या खटल्यासारखं दुसरं साहित्य नाही. लग्न अकराव्या वर्षी झालेलं. दादाजी भिकाजीने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. जिची संमती नव्हती आणि जी कधी सासरी राहिलीच नाही, तिला जबरदस्तीने पाठवणं त्यांना मान्य झालं नाही. अपिलात प्रकरण परत आलं, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा आदेश दिला. रखमाबाई कैदेला तयार झाल्या. १८८८ मध्ये २००० रुपये देऊन तडजोड झाली, पुढे त्या डॉक्टर झाल्या. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने एकाच न्यायालयाचे दोन उलटे निकाल आयतेच हाताशी आहेत. विद्यार्थ्यांना पिन्हे देऊन फॅरन लिहायला लावा, किंवा उलट.

यातली मेख अशी की हा दावा आला इंग्लंडच्या धर्मन्यायालयांकडून. इंग्लंडने तो १९७० मध्ये रद्द केला. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवलं, आणि १९८४ मध्ये सरोज राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. सरिताचा निकाल वाचून मुलं भारावतात, पण अभ्यासाला सरोज राणी द्या. तिथे दावा बायकोनेच लावला होता. नवरा हुकुमाला राजी झाला, हुकूम झाला, एकत्र राहणं काही झालं नाही, आणि वर्ष उलटल्यावर त्याच हुकुमाच्या आधारे नवऱ्याने घटस्फोट मागितला. तो त्याला मिळाला.

आता लिहा स्त्रीवादी निकाल! कलम रद्द केलं तर दावा लावणाऱ्या बाईचा मार्ग बंद. ठेवलं तर त्याच मार्गाने तिला घराबाहेर काढलं गेलं. या प्रकरणात घोषणा करून भागत नाही.

चौथं_सेमिस्टर

आम्हाला सरोज राणी दोन ओळींत शिकवलं : 'कलम ९ वैध'. दावा तिने लावला होता हे मला आज कळलं.

सराव_तास

वरच्या प्रतिसादाने वाईट वाटलं, आणि आश्चर्य मात्र वाटलं नाही. गाइडमध्ये तेवढंच असतं.

व्यवहारातली अडचण विचारतो. हल्ली मुलं एआयकडून पूर्ण निकाल लिहून आणतात. गुळगुळीत, प्रत्येक बाजूला थोडं थोडं बरोबर ठरवणारा. यावर काय करता?

निळी शाई

हकीकतीची बैठक वर्गातच, फळ्यावर आणि कागदावर. फोन बॅगेत. घरून आणायचा असतो तो फक्त कायद्याचा शोध. आणि वैयक्तिक टिपणात 'कोणतं वाक्य का बदललं' हे लिहायचं असल्याने, जे भांडण झालंच नाही त्याबद्दल लिहिता येत नाही. अजून तरी एवढं पुरतंय.

मराठीत लिहायची मुभा देते, हेही इथे सांगून ठेवते. इंग्रजीत जी मुलं निकालपत्रातली छापील वाक्यं जशीच्या तशी उचलतात, तीच मराठीत लिहिताना थांबतात, कारण ते वाक्य आपल्या तोंडी कसं वाटेल हे त्यांना ऐकू येतं.

फौजदारी_बाजू

मॅडम, सगळं वाचलं. पहिल्या प्रतिसादातला अर्धा आक्षेप मागे घेतो, अर्धा ठेवतो. ठेवलेल्या अर्ध्यावर उपाय सुचवतो.

निकालाऐवजी एकदा उलटतपासणी लिहायला द्या. एक गट बचाव पक्षाचा, त्यांनी मिळून वीस प्रश्न काढायचे. दुसरा गट सरकार पक्षाचा, त्यांनी प्रत्येक प्रश्नावर आक्षेप नोंदवायचा. पीडितेच्या चारित्र्यावरून तिची साक्ष मोडण्याची मुभा देणारी तरतूद पुरावा कायद्यातून २००३ पासून गेली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तोच प्रश्न आडून कसा विचारला जातो हे लिहिल्याशिवाय कळत नाही. 'तुम्ही त्या दिवशी घरी किती वाजता परतलात' हा प्रश्न साधा आहे. तोच चौथ्यांदा, आवाज चढवून विचारला की साधा राहत नाही. गुरमित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय की उलटतपासणी चालू असताना न्यायाधीशाने मूक प्रेक्षक होऊन बसू नये. म्हणून तिसऱ्या गटाने न्यायाधीश व्हावं आणि प्रत्येक आक्षेपावर एका वाक्यात आदेश लिहावा. तुमची सहलेखनाची पद्धत इथे जास्त चालेल, कारण तिन्ही गट एकाच कागदावर लिहितील. आणि बचावाच्या गटाने मनापासून बचाव करावा. आरोपीला चांगला वकील मिळणं हाही न्यायच आहे, आणि साक्षीदाराला न चिरडता उत्तम बचाव करता येतो हे मुलांना दिसलं पाहिजे.

माझ्याकडच्या निकाली निघालेल्या खटल्यांतून जबाब आणि दाखल्यांचे नमुने तयार करून देऊ शकतो. नाव, गाव, नातेवाईक, तारीख, शाळा, सगळं बदलून. पीडितेची ओळख उघड करण्यावरची बंदी, जुन्या दंडसंहितेचं कलम २२८-अ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, ही छापण्या-प्रसिद्ध करण्याबद्दल आहे. पण वर्गातल्या झेरॉक्सचा फोटो व्हॉट्सॲपवर जायला वेळ लागत नाही.

निळी शाई

हे सोनं आहे, सर. तीन गटांची रचना जशीच्या तशी घेते. नमुने तयार झाले की मला व्यक्तिगत निरोप करा. आधी मी आणि पायवाटताई (ताई, चालेल ना?) वाचून बघू की बदललेल्या कागदावरूनही कोणाची ओळख पटते का. गाव बदललं आणि जात-व्यवसाय तसाच ठेवला तर तालुक्यातल्या माणसाला कळतंच.

जुनी_दप्तरं, सरोज राणीच्या हकीकतीचे परिच्छेद मी दोन गटांना देतेय. एका गटाने सुरुवात तिच्या दाव्यापासून करायची, दुसऱ्याने नवऱ्याच्या घटस्फोटाच्या अर्जापासून.

पायवाट

चालेल. सोबत पंचनामाही ठेवा. पंच कोण होते हे कोणी वाचत नाही.